खुर्चीवरून झालेलं भांडण

जुन्या वैद्यकीय नियतकालिकांचे बांधीव अंक चाळत बसण्याचा मला फार वर्षांपासून नाद आहे. माणसं कशानं मरत होती, यापेक्षा डॉक्टर कशावरून भांडत होते, हे वाचायला मला जास्त आवडतं. औषधांवरून भांडले, शस्त्रक्रियेवरून भांडले, तर ते समजण्यासारखं आहे. पण १९५०च्या सुमारास बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात भांडण झालं ते खुर्चीवरून. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. मात्र ही खुर्ची खरोखर बसायची होती, आणि तिच्यात ज्याला बसवायचं त्याला नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला होता.

आज बायपास झालेल्या माणसाला फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या दिवशी पाय खाली सोडून बसवते, आणि नातेवाईक व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात. तेव्हा हार्ट अटॅकवरचा उपचार म्हणजे चार ते सहा आठवडे बिछाना. तोही पूर्ण. कुशीवर वळायचं तर नर्स वळवणार, घास तीच भरवणार, शौचाला बेडपॅन. यामागे कारण होतं. हृदयाच्या मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट वण धरायला सुमारे सहा आठवडे लागतात, हे शवविच्छेदनांतून दिसलं होतं. तोवर रोगी हलला तर हृदय फुटेल, ही भीती. युक्तिवाद बिनतोड वाटावा असा, फक्त तो तपासून कुणी पाहिला नव्हता. दरम्यान निजून निजून पायांत गोठलेलं रक्त फुप्फुसात जाऊन अडकायचं आणि त्यात माणसं जायची. दोष अर्थात हृदयाच्या माथी.

बिछान्याविरुद्ध कुरबुर आधीपासून होती. शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९मध्येच शस्त्रक्रियेनंतर रोग्यांना लवकर उठवल्याचं लिहून ठेवलं होतं. त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९४४मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेनं विश्रांतीच्या अतिरेकावर परिसंवादच घेतला. पण या सगळ्यात वाचावा असा लेख एकच, डिसेंबर १९४७च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला रिचर्ड ॲशर यांचा. मथळाच मुळी बिछान्यात जाण्याचे धोके सांगणारा. फुप्फुसं, शिरा, कातडी, स्नायू, हाडं, मूत्रपिंड, आतडी आणि शेवटी मन, असा एकेक अवयव घेऊन बिछाना त्याची कशी वाट लावतो, हे ॲशर असं रंगवतात की वाचता वाचता आपणच ताठ बसतो. शेवटी तर एका प्रार्थनागीताचं विडंबनही आहे. आजाराचं सोंग आणून रुग्णालयं पालथी घालण्याच्या विकाराला मुंचहाउसेन सिंड्रोम हे नाव देणारे हेच ॲशर. पॉल मॅकार्टनी लंडनमध्ये ज्यांच्या घरी राहायचा, तेही हेच. मॅकार्टनीची तेव्हाची मैत्रीण जेन ही त्यांची मुलगी. वैद्यकीय शोधनिबंध इतके चांगले लिहिणाऱ्या माणसाच्या घरी गाणी रचली गेली, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

पण लेख लिहिणं वेगळं आणि जिवावर बेतलेल्या माणसाला बिछान्यातून उचलणं वेगळं. ते केलं सॅम्युएल लेव्हाइन यांनी.

लेव्हाइन लहानपणी पोलंडमधून बॉस्टनला आलेले, ज्यू, रस्त्यावर वर्तमानपत्रं विकून पुढे हार्वर्डला शिकलेले. हृदयरोगाच्या पुस्तकांत त्यांचं नाव आजही आहे. छातीत कळ आली की माणूस मूठ आवळून छातीवर धरतो, त्या खुणेला लेव्हाइन यांचंच नाव आहे. मी मात्र त्यांच्यामागे लागलो ते त्यांच्या आयुष्यातल्या एका आडबाजूच्या प्रसंगामुळे. ऑगस्ट १९२१मध्ये कॅनडातल्या कँपोबेलो बेटावर सुटीला गेलेले फ्रँकलिन रूझवेल्ट तापानं पडले आणि पायांतली शक्ती गेली. जवळपास विल्यम कीन नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे ख्यातनाम शल्यविशारद सुटीवर होते. त्यांनी पाठीच्या कण्यात गुठळी असल्याचं निदान केलं, जोरकस मालिश करायला सांगितलं आणि ६०० डॉलरचं बिल पाठवलं. पत्नी एलिनॉर आणि सहायक लुई हाऊ दिवसरात्र पाय चोळत बसले. रूझवेल्टांच्या मामांनी बॉस्टनमध्ये चौकशी केली, तेव्हा लक्षणांचं वर्णन ऐकूनच हा पोलिओ आहे असं सांगणारा तरुण डॉक्टर म्हणजे लेव्हाइन. मग पोलिओचे जाणकार रॉबर्ट लव्हेट बेटावर गेले, निदान पक्कं केलं आणि आधी मालिश बंद करायला लावलं. त्यानं दुखऱ्या स्नायूंचं नुकसान होतं, हे त्यांचं मत.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण रोग्याला हलवावं या बाजूचा सर्वांत मोठा वकील त्यात हलवण्याच्या उतावीळपणाच्या विरुद्ध बाजूला उभा दिसतो.

आता पुन्हा ब्रिगहॅम. हृदय थकलेल्या रोग्याला आडवं केलं की धाप वाढते, पाय सोडून बसवलं की कमी होते, हे लेव्हाइन वर्षानुवर्षं पाहत होते. पायांत रक्त उतरतं, तेवढाच हृदयावरचा भार हलका, अशी त्यांची मांडणी. १९४४मध्येच ती त्यांनी छापूनही आणली होती. मग हार्ट अटॅकच्या रोग्यालाच का नाही? हे काम त्यांनी बर्नार्ड लाउन या लिथुआनियातून आलेल्या, तिशीही न गाठलेल्या साहाय्यकावर सोपवलं.

वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांनी हात लावायला नकार दिला. नाझींच्या छळछावण्यांतल्या प्रयोगांशी या प्रयोगाची तुलना झाली. लाउन यांनी पुढे लिहून ठेवलंय, की एका सकाळी ते वॉर्डात शिरले तर इंटर्न आणि रेसिडेंट रांगेत उभे राहून, हात पुढे करून, एका सुरात हिटलरचा जयजयकार करत होते. लाउनही ज्यू. महायुद्ध संपून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. वॉर्डातली थट्टा कुठल्या थराला जाते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांनाही हे वाचून कसंसं होईल.

तरी खुर्ची आली. रोग्याला उचलून तिच्यात ठेवायचं, आधी थोडा वेळ, मग दर दिवशी जास्त. बेडपॅनवर कुंथण्यापेक्षा खाटेशेजारच्या कमोडवर बसणं सोपं. रोग्यांची घबराट कमी झाली, मॉर्फिन कमी लागू लागलं, आणि घरी कधी सोडणार असं ते विचारू लागले. १९५२मध्ये ८१ रोग्यांचा अहवाल अमेरिकन वैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये आला. हृदय कुणाचं खुर्चीमुळे फुटलं नाही.

हा अहवाल आजच्या कसोट्यांवर टिकणार नाही. तुलनेसाठी दुसरा गट नाही, रोगी चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. मला तर वाटतं, लेव्हाइन यांचा निष्कर्ष बरोबर होता आणि कारण अपुरं होतं. हृदयाच्या भारापेक्षा पायांतल्या गुठळ्या टळणं आणि माणसाच्या मनानं उभारी धरणं, यांचा वाटा जास्त असावा. पण लेव्हाइन हे नाव एवढं मोठं, की पद्धत पसरली. हेच एकट्या लाउननं लिहिलं असतं, तर अंकाच्या पोटात पडून राहिलं असतं. (हेच लाउन पुढे अणुयुद्धविरोधी डॉक्टरांच्या संघटनेचे सहसंस्थापक झाले, आणि त्या संघटनेला १९८५मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.)

योग असा, की १९५२मध्येच कोपनहेगनला पोलिओची साथ आली. ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन हातानं श्वास देण्याची युक्ती काढली, सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनं फुगे दाबत बसले आणि त्यातून आयसीयू जन्माला आला. मुंबईतही त्याच सुमाराला पोलिओची साथ होती. तिच्यापाठोपाठ जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं केईएममध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय निघालं. हृदयरोग्याला खुर्ची मिळाली, पण व्हेंटिलेटरवरच्या रोग्याला पुढच्या काही दशकांत पुन्हा बिछान्याला जखडलं गेलं, यावेळी गुंगीच्या औषधांनी. त्याची किंमत उशिरा मोजली गेली. टोरोंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी २००३मध्ये तीव्र श्वसनविकारातून वाचलेल्या १०९ जणांचा पाठपुरावा छापला. आयसीयूतून बाहेर पडेपर्यंत त्यांचं वजन सरासरी १८ टक्के घटलेलं होतं. २०१३च्या ब्रिटिश अभ्यासात दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचा छेद जवळजवळ १८ टक्क्यांनी आक्रसलेला आढळला.

या वेळचं बंड एका नर्सनं केलं. सॉल्ट लेक सिटीच्या पॉली बेली यांनी २००७मध्ये १०३ रोग्यांच्या १,४४९ हालचालींची नोंद प्रसिद्ध केली: काठावर बसणं, खुर्चीत बसणं, चालणं. तोंडात नळी असतानाही रोगी चालले आणि गडबड झाली ती एक टक्क्याहून कमी वेळा. दोन वर्षांनी लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत गुंगी रोज थांबवून लवकर व्यायाम दिलेल्यांपैकी ५९ टक्के लोक रुग्णालयातून निघताना स्वतःचं स्वतः करू शकत होते. दुसऱ्या गटात ३५.

मग उत्साहाला पूर आला. आणि २०२२मध्ये ऑस्ट्रेलियातून चालवलेल्या, ७५० रोग्यांच्या ‘टीम’ नावाच्या चाचणीनं थंड पाणी ओतलं. जास्त आणि लवकर हालचाल दिलेल्या गटाला अधिक फायदा नाही. उलट हृदयाची लय बिघडणं, ऑक्सिजन घसरणं असे त्रास ९ टक्क्यांना, नेहमीच्या गटात ४ टक्क्यांना. आपल्याकडच्या काही तज्ज्ञांनी लगेच मान हलवली, म्हणाले, बघा, निजू द्या बिचाऱ्यांना. त्यांनी चाचणी नीट वाचलेली नाही. तिच्यात निजवलेला गट नव्हताच. एका गटाला दिवसाकाठी सरासरी २१ मिनिटं हालचाल मिळत होती, दुसऱ्याला ९. वाद उठवावं की नाही हा नाही, मिनिटांचा आहे. आपल्या आयसीयूत मात्र अजून पहिल्याच प्रश्नावर गाडं अडतं, आणि त्याचं कारण शास्त्र नाही. नळी, ड्रिप आणि कॅथेटर सांभाळत एका माणसाला उभं करायचं तर सिस्टर, फिजिओ, मामा अशी तीन-चार माणसं एकाच वेळी मोकळी लागतात. गुंगीचा पंप लावायला एक पुरते.