पिसवांचा बंदोबस्त आणि घरची मुकी मंडळी

मे महिन्याची सुटी संपवून कुटुंब गावाहून परतते. तीन आठवडे बंद असलेले दार उघडून मंडळी आत पाऊल टाकतात, तोच घोट्यांभोवती चावे सुरू होतात. कुत्रा तर शेजाऱ्यांकडे ठेवलेला. मग रिकाम्या घरात इतक्या पिसवा आल्या कोठून? या कोड्याचे उत्तर पिसूच्या जन्मक्रमात आहे, आणि तिचा बंदोबस्तही त्यावरूनच ठरवावा लागतो.

पिसू रक्त पिते ती प्राण्याच्या अंगावर. पण तिचे बालपण जाते जमिनीवर. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती केसांतून घरंगळून सतरंजीत, फरशीच्या सांध्यांत आणि कोचाखाली पडतात. अळ्या अंधारात राहून पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर पोसतात. पुढे त्या कोष विणतात. या कोषात औषध सहसा शिरत नाही. आतली पिसू कित्येक महिने निश्चल राहते आणि पावलांचा हादरा व अंगाची ऊब लागताच बाहेर पडते. परतलेल्या कुटुंबाचे स्वागत होते ते असे.

या कीटकाला क्षुल्लक मानू नये. उंदरांवरील पिसू प्लेग पसरविते, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. कुत्र्यामांजरांवरील पिसू निराळ्या जातीची. पण ती गिळली गेल्यास प्राण्यांना, आणि क्वचित लहान मुलांनाही, पट्टकृमींची बाधा होते.

तेव्हा पहिले शस्त्र झाडूच. प्राण्याची निजण्याची जागा, गालिचे आणि कानेकोपरे रोज झाडावेत. व्हॅक्यूम यंत्र असल्यास उत्तम. केर मात्र घरात ठेवू नये. अंथरुणे कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. प्राण्याचे केस बारीक दातांच्या फणीने विंचरावेत व फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. कोषांतून नव्या पिसवा निघतच असल्याने हा क्रम काही आठवडे मोडता कामा नये.

औषध लागलेच, तर ते पशुवैद्याच्या सल्ल्याने, प्राण्याचे वजन पाहून आणि घरातील सर्व कुत्र्यामांजरांना एकाच वेळी द्यावे. येथे एक चूक जिवावर बेतते. कुत्र्याच्या अनेक औषधांत पर्मेथ्रिन असते. मांजराच्या यकृताला ते पचविता येत नाही; अंगाला कंप सुटतो, झटके येतात आणि मृत्यूही ओढवतो. म्हणून कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये, आणि लावलेले औषध सुकेपर्यंत दोघांना वेगळे ठेवावे. अंगाला रॉकेल चोळणे, कपाटाबाहेर डांबरगोळ्या टाकणे किंवा फिनेलने फरशी ओली ठेवणे हे घरगुती उपायही घातकच. कारण प्राणी आपले अंग आणि पंजे चाटतात.

माशांची गोष्ट याहून नाजूक आहे. पर्मेथ्रिनसारखी औषधे पाण्यात अत्यल्प प्रमाणात उतरली तरी मासे मरतात. शेवंतीच्या कुळातील फुलांपासून काढलेले पायरेथ्रमही, नैसर्गिक असले तरी, त्यांना विषच. शिवाय टाकीचा हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. झाकण असूनही विष आत जाते ते या वाटेने. म्हणून टाकी असलेल्या खोलीत फवारणी टाळणेच श्रेयस्कर. ती अटळ असल्यास लहान भांडे दुसरीकडे न्यावे; मोठी टाकी झाकून कडांवर ओला कपडा बसवावा आणि पंप बंद करावा. फवारणीनंतर खिडक्या उघडाव्यात, आणि हवा स्वच्छ होताच कपडा काढून पंप सुरू करावा. विलंब झाल्यास मासे प्राणवायूवाचून गुदमरतील. कुत्र्याला औषध लावलेला हातही धुतल्याशिवाय टाकीत घालू नये.

पिसू मारणे अवघड नाही. तिच्याबरोबर दुसरे कोणी मरू नये, एवढे मात्र पाहावे लागते. मांजर आणि मासा आपली व्यथा सांगू शकत नाहीत. बाटलीवरील सूचना त्यांच्यासाठी घरातल्या माणसानेच वाचावयाच्या असतात.