यादी दिसते, पण ऐकू येते का? पीडीएफमधल्या याद्यांचे टॅग दुरुस्त करताना



मागच्या व्याख्यानात आपण पीडीएफमधल्या शीर्षकांविषयी बोललो. आज याद्यांकडे वळू. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना या कारकुनी कामात काय रस, असं कुणाला वाटेल. आमचं म्हणणं असं की, काम कारकुनी दिसलं तरी त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. चार ओळी एकाखाली एक ठेवल्या की त्यांची यादी होते का?

आधी एक उदाहरण घेऊ. समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या कार्यालयानं शिष्यवृत्तीची सूचना पीडीएफमध्ये काढली. त्यात ‘आवश्यक कागदपत्रे’ म्हणून सहा मुद्दे आहेत. चौथा मुद्दा म्हणतो, ‘पत्त्याच्या पुराव्यासाठी खालीलपैकी कोणताही एक’, आणि त्याखाली ठिपके देऊन तीन कागद लिहिलेत. पाचवा मुद्दा उत्पन्नाचा दाखला, सहावा बँक पासबुकाची प्रत. डोळस माणसाला अडचण काहीच नाही. ते तीन ठिपके जरा आत सरकलेले आहेत, म्हणजे ‘खालीलपैकी’ हा शब्द त्या तिघांपुरताच, हे त्याला न सांगता कळतं.

आता भूम किंवा परंड्याची एखादी अंध विद्यार्थिनी तीच सूचना स्क्रीन रीडरवर ऐकते आहे. टॅग नीट नसतील तर तिला नऊ ओळी सलग ऐकू येतात. ‘खालीलपैकी कोणताही एक’ हे ती ऐकते, पण ते ‘खालील’ संपतं कुठं? तीन ओळींनी, की शेवटच्या ओळीपर्यंत? पाचांपैकी एकच कागद जोडायचा, असा अर्थ तिनं घेतला तर चूक तिची नाही. अर्ज मात्र तिचाच बाद होतो, आणि तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी एसटीचा हेलपाटाही तिलाच पडतो. म्हणजे समासातली अर्धा इंच जागा हा मजकुराचाच भाग होता. तो डोळ्यांना मिळाला, कानांना मिळाला नाही.

अवयव आणि अवयवी

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? ‘रथ’ हे केवळ व्यवहारातलं नाव, असा त्या चर्चेचा रोख आहे. नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर असतो आणि तो अवयवांमध्ये समवायानं राहतो.

कोण बरोबर, हा निवाडा आज करायचा नाही. एवढंच सांगतो, की स्क्रीन रीडर बिनटॅगच्या पीडीएफसमोर पक्का बौद्ध असतो. त्याच्यासाठी सुट्या ओळी आहेत, यादी नावाची वस्तूच नाही. यादी हा ‘अवयवी’ आहे हे त्याला आपण टॅग लावून सांगावं लागतं.

चार टॅग

पीडीएफमध्ये टॅगची सोय २००१ पासून, म्हणजे पीडीएफ १.४ पासून आहे. सुलभ पीडीएफचं आंतरराष्ट्रीय मानक, पीडीएफ/यूए, २०१२ साली आलं. यादीसाठी त्यात चार टॅग लक्षात ठेवायचे.

‘एल’ म्हणजे अख्खी यादी. तिच्या पोटात ‘एलआय’, म्हणजे एकेक मुद्दा. प्रत्येक मुद्द्याच्या पोटात दोन गोष्टी: ‘एलबीएल’ म्हणजे आकडा किंवा ठिपका, आणि ‘एलबॉडी’ म्हणजे त्या मुद्द्याचा मजकूर. पोटयादी असेल तर तिचा नवा ‘एल’ मूळ मुद्द्याच्या ‘एलबॉडी’त ठेवायचा. आपल्या उदाहरणात तीन ठिपक्यांची यादी चौथ्या मुद्द्याच्या ‘एलबॉडी’त गेली, की ‘खालीलपैकी’ची हद्द कानांनाही कळते.

एवढं नीट असलं की एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर आधी सांगतो, ‘सहा मुद्द्यांची यादी’, आणि संपल्यावर ‘यादीबाहेर’ असंही सांगतो. एल ही कळ दाबली की पुढची यादी, आय दाबली की पुढचा मुद्दा. सहा म्हटल्यावर सहा ऐकले का, हे ऐकणाऱ्याला स्वतः ताडून पाहता येतं. आमच्या मते यादीचा खरा उपयोग हाच आहे.

नेहमीच्या चुका

पहिली चूक: प्रत्येक मुद्दा साधा परिच्छेद म्हणून ‘पी’ टॅगमध्ये पडलेला असतो. आकडे हातानं टाइप केले आणि स्पेसबार दाबून ओळी आत सरकवल्या की बहुधा असंच होतं.

दुसरी: पान बदललं की यादी तुटते. पहिल्या पानावर चार मुद्दे, दुसऱ्यावर दोन. स्क्रीन रीडर ‘चार मुद्द्यांची यादी’ म्हणतो, ऐकणारा चार कागद जमवतो आणि थांबतो. इथं दुसऱ्या ‘एल’मधले मुद्दे पहिल्यात ओढून आणायचे, रिकामा टॅग काढून टाकायचा. मधे आलेला पानाचा क्रमांक ‘आर्टिफॅक्ट’ करायचा, म्हणजे तो वाचला जाणार नाही.

तिसरी: एका मुद्द्याच्या दोन ओळींचे दोन ‘एलआय’ होतात. मग सहाचे सात ऐकू येतात.

चौथी अगदी उलटी: यादी नसतानाच यादी. परिच्छेदाची सुरुवात ‘१९९३.’ अशी झाली, तर आपोआप टॅग लावणारी यंत्रणा त्याला एक हजार नऊशे त्र्याण्णवावा मुद्दा समजू शकते. आणि ‘जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे ८ तालुके आहेत’ हे वाक्य आहे, ते वाक्यच राहू द्यावं. मोजता येणारी प्रत्येक गोष्ट यादी नसते.

मराठीची एक खास अडचण सांगतो. यादीला ‘लिस्ट नंबरिंग’ नावाचा एक गुणधर्म द्यावा लागतो. जुन्या मानकात त्याच्या किमती ठिपका, वर्तुळ, चौकोन, साधे अंक, रोमन अंक आणि लॅटिन अक्षरं एवढ्याच होत्या. ‘क, ख, ग’साठी वेगळी सोय नाही. पीडीएफ २.० मध्ये नुसतं ‘क्रमवार’ असं सांगणारी किंमत आली, ती आपल्याला सोयीची. आणि मजकूर युनिकोडमध्ये नसेल, जुन्या फॉन्टात असेल, तर टॅग कितीही नेटके लावा, ऐकू निरर्थक अक्षरंच येतील.

दुरुस्ती कुठं करायची?

शक्यतो मूळ वर्ड फाइलमध्ये. यादीचं बटण वापरा, पोटयादी पातळी बदलून करा. पीडीएफ जतन करताना सुलभतेसाठी रचनेचे टॅग ठेवण्याचा पर्याय निवडा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ नको, त्यात टॅग गळून पडतात. मूळ फाइल हाताशी नसेल तर अ‍ॅक्रोबॅटच्या टॅग पॅनेलमध्ये नवे टॅग करून मजकूर त्यात ओढावा लागतो. आधी एक प्रत बाजूला ठेवा. आणि हे सगळं डिजिटल सहीच्या आधी. सही झाल्यावर टॅग बदलले तर ती सही वैध राहत नाही. सरकारी कागदाच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही.

तपासनीस काय पाहतो?

अ‍ॅक्रोबॅटचा तपासनीस याद्यांबाबत दोनच गोष्टी पाहतो: ‘एलआय’ हा ‘एल’च्या पोटात आहे का, आणि ‘एलबीएल’ व ‘एलबॉडी’ ‘एलआय’च्या पोटात आहेत का. आता गंमत पाहा. सगळी यादी ‘पी’मध्येच असेल तर ‘एलआय’च नाही. मग नियम मोडणार कसा? तपासनीस खुशाल ‘उत्तीर्ण’ म्हणतो. तर्कशास्त्राचे विद्यार्थी हे ओळखतील. अनुमानाचा आकार निर्दोष असला म्हणून विधानं सत्य ठरत नाहीत. आकार यंत्र तपासेल, ही यादी आहे की नाही हे माणसालाच ठरवावं लागेल. म्हणून शेवटी डोळे मिटून कागद एकदा ऐकावा.

दया नव्हे

हे उपकाराचं काम नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ असावा याची जबाबदारी सरकारवर टाकतं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की सुलभतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणं या कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक निकष तीन महिन्यांत करा, असा आदेशही दिला.

पण आदेश दिल्लीतून निघतो आणि यादी तयार होते तालुक्याच्या टेबलावर, संध्याकाळी पाचला, घाईघाईत. त्या टेबलावर बसणाऱ्यांपैकी कुणी आज ऐकत असेल, तर विनंती एवढीच: उद्या जी सूचना निघेल तिच्यातली एक यादी नीट करा. पुढच्या वेळी आपण तक्त्यांकडे वळू. तिथं ओळी आणि रकाने दोन्ही सांभाळायचे आहेत.