समुद्रातले अरण्य आणि पाणबुड्याचा कॅमेरा

अरण्य म्हटले की माती आणि पाखरे डोळ्यांपुढे येतात. या दोहोंवाचून वाढणारे एक अरण्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी उपसागरात आहे. तेथील झाड म्हणजे केल्प नावाचे प्रचंड तपकिरी शेवाळ. खरे तर ते झाडही नव्हे. त्याला मुळे नाहीत. खडकाला घट्ट धरणारी नुसती पकड असते. प्रत्येक पात्याच्या देठाशी हवेचा लहानसा फुगा असतो, म्हणून हा तीस-तीस मीटरांचा वेल पाण्यात ताठ उभा राहतो. चांगल्या दिवसांत तो दिवसाकाठी फूटभर सहज वाढतो. पाणी मात्र थंड हवे. आपल्या कोकणच्या कोमट समुद्रात तो शोधू नये.

१९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडाशी हवा पुरवणारी झडप सिद्ध केली आणि माणसाला तेथे मोकळेपणी हिंडता येऊ लागले. दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो. वर येताना श्वास रोखला तर आतली हवा फुगून फुप्फुस फाटते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ झाले.

आमच्या पाठीवरच्या नळकांड्यात पहिल्याच खेपेस वेल अडकला. आम्ही गर्रकन वळलो आणि रिळावर दोरा गुंडाळावा तसे स्वतःलाच गुंडाळून घेतले! सोबत्याने शांतपणे वेल दुमडला. तो कटकन मोडला. ओढून तो तुटत नाही.

छायाचित्राची अडचण निराळी. पाणी सर्वांआधी तांबडा रंग गिळते. लालभडक तारामासा खाली काळपट दिसतो. म्हणून दिवा न्यावा लागतो. तो भिंगाला लागून ठेवला तर पाण्यातले कण चमकतात आणि चित्रात हिमवर्षाव होतो. तो लांब बाजूला धरावा. शिवाय चार हातांवरचा मासा तीन हातांवर भासतो. जवळ जावे, आणि मग आणखी जवळ.

हे अरण्य खाणारा प्राणी म्हणजे काटेरी सी-अर्चिन. त्याला खाणारे म्हणजे सागरी पाणमांजर आणि सूर्यफुली तारामासा. कातड्यासाठी पाणमांजरांची इतकी शिकार झाली की कॅलिफोर्नियात ती संपली असेच लोक समजत. १९३८ साली बिग सर येथे थोडी आढळली. २०१३ पासून तारामासे रोगाने मेले, पाठोपाठ पाणी तापले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील केल्प नऊ-दशांशाहून अधिक गेले. मॉन्टेरीत पाणमांजरांनी उरलेले तुकडे राखले. पण उजाड खडकावरचे उपाशी अर्चिन आतून पोकळ असतात, त्यांना ती शिवत नाहीत. आणि ते अर्चिन उपाशीपोटी वर्षानुवर्षे जगतात.

व्याख्यानाच्या शेवटी आम्ही एकाच खडकाची दोन चित्रे पडद्यावर दाखवली. पहिल्यात पात्यांमधून ऊन झिरपत होते. दुसऱ्यात खडक जांभळ्या ठिपक्यांनी भरला होता. पुढच्या रांगेतील एका बाईंनी विचारले, “ही फुले कोणती हो?”

ते अर्चिन होते.