गुळगुळीत आणि निसरडे : सुतारशाळेतील एका प्लास्टिकची निवड व जोडणी

मराठीत ‘गुळगुळीत’ आणि ‘निसरडे’ ही विशेषणे एकमेकांच्या जवळची असली, तरी ती समानार्थी नव्हेत. काच गुळगुळीत असते. पण तिच्यावरून कोरडे बोट दाबून नेल्यास ते अडखळते. उलट, शेवाळलेला दगड खडबडीत असूनही निसरडा असतो. पहिले विशेषण एकाच पृष्ठभागाचे वर्णन करते. दुसऱ्याला सरकणारी वस्तू आणि जिच्यावरून सरकायचे ती वस्तू, अशी दोहोंची अपेक्षा असते. पदार्थविज्ञानातील घर्षणगुणांकही असाच जोडीचा असतो, एकट्या पृष्ठभागाचा नव्हे. सुतारशाळेतील सरकत्या साधनांसाठी प्लास्टिक निवडताना हा भेद केवळ कोशापुरता उरत नाही.

चक्री करवतीच्या मेजात समांतर खाचा असतात. त्यांत बसणाऱ्या पट्ट्यांच्या आधाराने एक लाकडी चौकट पुढेमागे सरकते आणि तिच्यावर ठेवलेले लाकूड पात्याकडे नेले जाते. पट्टी खाचेत अडकली, की कारागीर नकळत अधिक जोर लावतो. अडथळा सुटताच हात पात्याच्या दिशेने झेपावतो. म्हणून येथे प्रश्न सोयीचा नसून बोटांचा आहे. लाकडी पट्टीला मेण किंवा साबण चोळण्याचा उपाय जुना आहे. परंतु पावसाळ्यात लाकूड फुगते आणि मेणाने त्याची रुंदी कमी होत नाही. या कामी प्लास्टिकची पट्टी अधिक भरवशाची ठरते.

मात्र ‘प्लास्टिक’ हे एका पदार्थाचे नाव नव्हे. येथे तीन नावांचा विचार पुरेसा आहे. ‘टेफ्लॉन’ या व्यापारी नावाने ओळखला जाणारा पदार्थ रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अमेरिकेत योगायोगाने सापडला. तो या तिघांत सर्वांत निसरडा. परंतु मऊ आणि लवकर झिजणारा. नायलॉन कणखर आहे. पण ते हवेतील दमटपणा शोषून फुगते, म्हणजे लाकडाचाच दोष काही अंशी परत येतो. तिसरे पॉलिएथिलीन. ते १९३३ साली इंग्लंडमध्ये तयार झाले. पुढे १९५३ साली कार्ल त्सीगलर यांनी शोधलेल्या उत्प्रेरकांमुळे त्याच्या फार लांब साखळ्या बनविता येऊ लागल्या. यांतील सर्वांत लांब साखळ्यांच्या प्रकाराचा रेणुभार तीस लाखांच्या वर असतो. त्यालाच बाजारात ‘यूएचएमडब्ल्यू’ या आद्याक्षरांनी ओळखतात.

अधिक निसरडे ते अधिक उपयुक्त, हा समज मात्र टिकत नाही. ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्न्ली यांनी कृत्रिम खुब्याची वाटी प्रथम टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाची केली. ती वेगाने झिजून शस्त्रक्रिया निष्फळ होऊ लागल्या. १९६२ साली त्यांनी तिच्या जागी अत्युच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन योजले आणि ते टिकले. खुब्याचा हा धडा करवतीच्या खाचेलाही लागू आहे.

हा पदार्थ मिळवायचा कोठे? बाटल्या भरण्याच्या कारखान्यांतील वाहक पट्ट्यांचे मार्गदर्शक, तसेच धान्य किंवा कोळसा वाहून नेणाऱ्या घसरगुंड्यांचे अस्तर यांसाठी तो वापरला जातो. त्यामुळे औद्योगिक प्लास्टिकच्या विक्रेत्याकडे त्याचे तुकडे मागता येतात. स्वयंपाकघरातील पांढरा कापणपाट बहुधा साध्या उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा असतो. हलक्या कामास तोही चालतो. पांढऱ्या तुकड्यांची ओळख केवळ नावावर सोपवू नये. तुकडा पाण्यात टाकावा : पॉलिएथिलीन तरंगते, नायलॉन व टेफ्लॉन बुडतात. तरंगणाऱ्या तुकड्याचाच एक बारीक कीस तापलेल्या लोखंडी पट्टीवर ठेवावा. साधे पॉलिएथिलीन वितळून पसरते. लांब साखळ्यांचे पारदर्शक होते, पण आकार सोडत नाही. बुडणारा तुकडा मुळीच तापवू नये. अतितप्त टेफ्लॉनची वाफ विषारी असते.

खरी अडचण जोडणीत आहे. ज्या गुणामुळे या पृष्ठभागाला काही चिकटत नाही, त्याच गुणामुळे त्याला सरसही चिकटत नाही. पांढरा सरस वाळल्यावर सोलून निघतो, इपॉक्सीचा सांधाही धक्क्याने सुटतो. मागे चिकटद्रव्य लावलेली पातळ फीत मिळते. तिची ती बाजू कारखान्यात विशेष प्रक्रियेने चिकटण्यायोग्य केलेली असते. मार्गदर्शक फळीच्या सपाट दर्शनी बाजूस ती पुरेशी आहे. जाड तक्त्यासाठी मात्र स्क्रूच हवेत.

स्क्रूही कसेही चालत नाहीत. शंकूच्या आकाराचे डोके पाचरीप्रमाणे प्लास्टिकला बाजूस ढकलते आणि पृष्ठभागावर उंचवटा येतो. त्याऐवजी सपाट तळाचा खड्डा पाडून, खालून सपाट असलेल्या डोक्याचा स्क्रू पृष्ठभागाच्या खाली बसवावा. अरुंद पट्टीत छिद्र लहान पडले, तर तिच्या कडा फुगून ती खाचेत घट्ट होते. म्हणून आधी पुरेसे मोठे छिद्र पाडावे आणि आलेला फुगवटा धारदार पात्याने खरवडावा.

शेवटची बाब उष्णतेची. तापमान २० अंशांनी वाढल्यास एक मीटर लांबीची पट्टी सुमारे ३ ते ४ मिलिमीटर लांब होते. तेवढ्याच लांबीचे पोलाद पाव मिलिमीटरही वाढत नाही. नागपुरातील हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांतील अंतर २० अंशांहूनही मोठे असते. म्हणून मधले एकच छिद्र घट्ट ठेवून इतर सर्व छिद्रे लांबट करावीत. अन्यथा पट्टी दोन स्क्रूंच्या मध्ये कमान धरते. १९ मिलिमीटर रुंदीत मात्र ही वाढ मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकीच असल्याने खाचेतील बसण बिघडत नाही.

तात्पर्य, येथे निसरडेपणा हा जसा गुण तसाच अडसर होय. त्यावर चिकटवून मात करता येत नाही. पदार्थाला हलण्यास वाव ठेवूनच त्याला जागेवर धरावे लागते. आणि विक्रेत्याकडे ‘गुळगुळीत प्लास्टिक’ मागणाऱ्यास गुळगुळीत तेवढे मिळेल. निसरडे मिळेलच असे नाही.