वित्तीय अर्थशास्त्राची पहिली पायरी

अर्थशास्त्र घेऊन बी. ए. किंवा एम. ए. करताना एखाद्या सत्रात 'वित्तीय अर्थशास्त्र' हा पेपर येतो. नाव वाचून अनेकांना वाटते, आता कोणता शेअर घ्यावा ते कळेल. ते या विषयाचे काम नाही. आज दिलेला पैसा आणि पुढे कधीतरी, कदाचित, मिळणारा पैसा यांची तुलना कशी करायची, हा त्याचा मूळ प्रश्न. 'पुढे कधीतरी' यातून काळ येतो, 'कदाचित' यातून जोखीम. सारा अभ्यासक्रम या दोन शब्दांभोवती फिरतो.

काळाची किंमत

सुरुवात वर्तमान मूल्यापासून होते. व्याजदर ७ टक्के असेल, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या १ लाख रुपयांची आजची किंमत सुमारे ५०,८३५ रुपये. सूत्र शाळेतल्या चक्रवाढ व्याजाचेच, फक्त उलट्या बाजूने वापरलेले.

एवढ्या साध्या हत्याराने बरेच काही तपासता येते. समजा, एका विमा योजनेत वीस वर्षे, प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला १ लाख रुपये भरायचे आणि विसावे वर्ष संपताना ४० लाख घ्यायचे. 'पैसे दुप्पट' हे ऐकायला भरघोस वाटते. पण पहिला हप्ता वीस वर्षे अडकलेला असतो आणि शेवटचा एकच वर्ष. नीट हिशेब केला तर वार्षिक परतावा सुमारे ६.२ टक्के निघतो. विम्याचे संरक्षण त्याखेरीज, त्याचे मोल वेगळे लावायचे. हे गणित विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे.

रोख्यांचेही तेच. १०० रुपये दर्शनी किमतीचा, दहा वर्षे मुदतीचा, वर्षाला ७ रुपये व्याज देणारा रोखा घ्या. बाजारातला दर ८ टक्क्यांवर गेला की त्याची किंमत ९३ रुपये २९ पैशांवर येते, कारण नवा रोखा ८ रुपये देत असताना जुना कोणी पूर्ण भावाने घेणार नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, त्याच्या मुळाशी हेच होते. तिच्याकडे लांब मुदतीचे रोखे भरपूर होते, व्याजदर चढले, रोख्यांच्या किमती पडल्या आणि घाबरलेले ठेवीदार पैसे काढायला धावले.

जोखीम कशी मोजायची

विदर्भातला शेतकरी कपाशीत तुरीच्या ओळी घेतो. एका पिकाला न मानवणारे वर्ष दुसऱ्याला तितकेच मारक असेल असे नाही, हा त्यामागचा हिशेब. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये हाच विचार संख्याशास्त्राच्या भाषेत मांडला. दोन गुंतवणुकींच्या परताव्यांचे प्रमाण विचलन प्रत्येकी २० टक्के असेल आणि त्यांचा एकमेकींशी सहसंबंध शून्य असेल, तर निम्मे-निम्मे पैसे लावल्यावर विचलन सुमारे १४ टक्क्यांवर येते. सहसंबंध पूर्ण असेल तर ते २० टक्केच राहते. म्हणजे एकेका शेअरचा चढउतार पाहून भागत नाही. तो इतरांच्या साथीने किती हलतो हे पाहावे लागते. शिकागो विद्यापीठात मार्कोविट्झ यांच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली, तेव्हा मिल्टन फ्रीडमन यांनी हे अर्थशास्त्र नव्हेच, असा आक्षेप घेतला होता. १९९० मध्ये त्याच कामासाठी मार्कोविट्झ यांना नोबेल मिळाले.

विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये पुढचे पाऊल टाकले. पैसे विभागून जी जोखीम टाळता येते, तिच्यासाठी बाजार जादा परतावा देत नाही. जी टाळता येत नाही, तिच्यासाठीच देतो. 'बीटा' हा आकडा त्या न टाळता येणाऱ्या जोखमीचे माप आहे.

फुकटचा नफा नसतो

माझ्या मते सबंध विषयातला सर्वांत सुंदर विचार हा, म्हणून येथे जरा थांबावे. समजा, एका शेअरचा आजचा भाव १०० रुपये आहे. वर्षभराने तो १२० होईल, नाहीतर ९०. सोयीसाठी व्याजदर शून्य धरू. वर्षअखेरीस हा शेअर १०० रुपयांना घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, विकायला आहे. भाव १२० झाला तर त्यातून २० रुपये मिळतील. ९० झाला तर काहीच नाही. या हक्काची आजची किंमत किती?

बहुतेक जण आधी विचारतात, भाव वाढण्याची शक्यता किती? ते माहीत असण्याची गरज नाही. ६० रुपये कर्ज काढा, पदरचे ६ रुपये ६७ पैसे घाला आणि दोन तृतीयांश शेअर घ्या. भाव १२० झाला तर तुमचा वाटा ८० रुपयांचा, कर्ज फेडून २० उरतात. भाव ९० झाला तर वाटा ६० चा, कर्ज फेडून शून्य. ऑप्शन जे देतो, नेमके तेच ही जुळणी देते. म्हणून ऑप्शनची किंमतही ६ रुपये ६७ पैसेच हवी. महाग असेल तर लोक ऑप्शन विकून ही जुळणी घेतील, स्वस्त असेल तर उलट करतील, आणि भाव जागेवर येईल. शक्यतांचा बाजाराचा अंदाज १०० रुपयांच्या भावात आधीच मुरलेला आहे. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी क्षणोक्षणी बदलणाऱ्या भावांसाठी जे सूत्र मांडले, त्याचा गाभा हाच.

सूत्रामागच्या अटी

शोल्स आणि मर्टन यांना १९९७ चे नोबेल मिळाले. ब्लॅक त्याआधीच वारले होते. पुढच्याच वर्षी, हे दोघे भागीदार असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड कोसळला आणि बड्या बँकांना एकत्र आणून तो सावरावा लागला. सूत्र चुकले नव्हते. पण हवे तेव्हा, चालू भावाला खरेदी-विक्री करता येते, ही त्यामागची अट घबराटीच्या बाजारात टिकत नाही. आपल्याकडच्या परीक्षांत सूत्र विचारतात, अटी क्वचित. खरा अभ्यास अटींचाच आहे.

बाजारभावात सारी उपलब्ध माहिती उतरलेली असते, हे यूजीन फामा यांनी १९७० मध्ये मांडले. शेअरच्या किमती लाभांशांच्या मानाने फारच जास्त हेलकावतात, हे रॉबर्ट शिलर यांनी १९८१ मध्ये दाखवले. २०१३ चे नोबेल दोघांनाही मिळाले, सोबत लार्स पीटर हॅन्सन यांना. एकालाच वाचून मत बनवू नये.

बँकांचा धडाही असाच समजून घ्यावा. डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दाखवले की धडधाकट बँकही केवळ भीतीने बुडू शकते आणि ठेवविमा ती भीती आवरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ती बँक धडधाकट नव्हती, तिने थकीत कर्जे लपवली होती. त्यामुळे नुसत्या घबराटीचे प्रतिमान तिला लागू पडत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये देशातले ठेवविम्याचे कवच १ लाखावरून ५ लाखांवर गेले.

तयारी

संभाव्यता, प्राथमिक संख्याशास्त्र आणि थोडे कलन एवढे आधी पक्के हवे. स्प्रेडशीट यायलाच हवी. पुण्याची गोखले संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि मुंबई विद्यापीठ ही अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणाची राज्यातली जुनी-जाणती ठिकाणे. शिलर यांची येल विद्यापीठातली व्याख्याने इंटरनेटवर मोफत आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना येथे गणितापेक्षा इंग्रजी पाठ्यपुस्तकाची भीती अधिक वाटते. त्यांनी प्रत्येक उदाहरण आधी मराठीत मांडून सोडवावे, मग पुस्तकातली भाषा वाचावी. प्राध्यापकांना विनंती एवढीच की, सोडवलेल्या उदाहरणांच्या मराठी टिपणांचा एक संच प्रत्येक विभागात तयार करावा आणि तो इतर महाविद्यालयांनाही खुला ठेवावा.