सशाचे औषध

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी शारजातील आमच्या घरी भुऱ्याने गवताला तोंड लावले नाही. आम्ही दोष उकाड्याला दिला. सकाळी पाहतो तो पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. सशाला उलटी करता येत नाही. त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते, आणि बारा तासांचा उपवासही त्याच्या जिवावर बेतू शकतो, हे आम्हांस पशुवैद्यांनी सांगितले. वेदना शमल्याखेरीज तो खाणार नाही, म्हणून त्यांनी वेदनाशामक द्रव आणि बिनसुईची सिरिंज दिली.

घरी आम्ही त्याला तान्ह्या बाळासारखे उताणे धरले. तो निश्चल झाला. आम्हांला वाटले, शांत झाला. वस्तुतः ती भीतीने आलेली जडता होती, आणि त्या स्थितीत औषध श्वासनलिकेत उतरू शकते. सुदैवाने बहुतेक औषध आमच्या सदऱ्यावरच सांडले.

पुढच्या वेळी जमिनीवर बसून, त्याचे पाय खालीच राहतील असे टॉवेलमध्ये गुंडाळले. सशाच्या पुढच्या दातांमागे, गालाच्या बाजूस, मोकळी जागा असते. तेथून सिरिंजचे टोक सरकवून थेंबथेंब सोडले आणि प्रत्येक वेळी त्याने गिळेपर्यंत थांबलो. एका मिलिलिटरला दहा मिनिटे लागली. (टोकाला कुस्करलेले केळे लावावे, हे आम्हांला उशिरा सुचले.)

घरात उरलेले अमॉक्सिसिलिन देण्याचा विचारही मनात आला होता. तोंडावाटे दिलेले ते औषध सशाच्या आतड्यातील उपकारक जिवाणू नष्ट करून त्याचा प्राण घेऊ शकते.

तिसऱ्या पहाटे पिंजऱ्यात सात लहान लेंड्या दिसल्या. आम्ही त्या दोनदा मोजल्या.