पडलेल्या दाढेच्या जागी काय?

खालच्या जबड्यातील पहिली मोठी दाढ साधारण सहाव्या वर्षी उगवते. ती येताना दुधाचा दात पडत नाही, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेलच की’ म्हणून सोडून देतात. चाळिशीपर्यंत तिची जागा रिकामी झालेली माणसे अकोला-अमरावतीकडच्या कोणत्याही शिक्षककक्षात सापडतील. त्यांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘ब्रिज बसवून टाका.’ दुसरा, ‘इम्प्लांटच करा, आयुष्यभराचे काम होते.’

ब्रिज म्हणजे पूलच. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर टोप्या चढवतात व मधला कृत्रिम दात त्यांना जोडलेला असतो. तासताना सुमारे दीड-दोन मिलिमीटर भाग जातो. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर दात चढवतात. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढू पाहिले, तर ते निघेना. हाड त्याला घट्ट चिकटले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

आता मुख्य फरक. नैसर्गिक दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. रोडग्याचा कडक पापुद्रा चावताना दात किंचित दबतो, आणि किती जोर लावायचा हे त्या थरातील चेतातंतू मेंदूला कळवतात. इम्प्लांटला हा थर नसतो. वर्गात एक पेन्सिल फोमच्या तुकड्यात व दुसरी प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये रोवून दोन्ही बोटाने ढकलायला सांगा, फरक मुलांच्या लगेच ध्यानात येईल. एक टोक दातावर आणि दुसरे इम्प्लांटवर असा पूल दंतवैद्य शक्यतो का टाळतात, हेही त्यातूनच कळेल.

दात गेला की त्या जागचे हाड झिजू लागते. दाढेच्या जागी हाडाची रुंदी पहिल्या वर्षातच निम्म्याच्या आसपास घटू शकते. ब्रिजचा मधला दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो, त्यामुळे खालच्या हाडावर भार येत नाही. इम्प्लांटमुळे तो येतो. पण इम्प्लांट बसवायला मुळात हाड शिल्लक हवे.

मग जास्त टिकते काय? दहा वर्षांच्या पाहण्या पाहिल्या तर ब्रिज आणि इम्प्लांटवरचा एकटा दात, दोन्ही शंभरात नव्वदाच्या जवळपास टिकतात. ‘आयुष्यभराचे काम’ ही जाहिरात झाली. आमच्या मते खरा प्रश्न, बिघडले तर काय गमावू, हा आहे. टोपीखाली कीड शिरली तर एका दाताच्या जागी तीन जातात. इम्प्लांटभोवती हिरडी सुजून हाड गेले तर बहुधा तेवढाच जातो. म्हणून शेजारचे दात निकोप असतील तर ते तासण्यापूर्वी दहादा विचार करावा. त्यांना आधीच टोप्यांची गरज असेल तर मात्र ब्रिजमध्ये गैर काही नाही. खर्च कमी, आणि काम काही आठवड्यांत होते. इम्प्लांटला कित्येक महिने व अनेक फेऱ्या लागतात. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरहून रजा टाकून येणाऱ्याने हा हिशेबही करावा.

आमच्या वऱ्हाडात यात खर्रा येतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि ताब्यात नसलेल्या मधुमेहात इम्प्लांट निकामी होण्याचा धोका जास्त असतो, हे बहुतेक दंतवैद्य सांगतात. सुपारीचे कमी बोलले जाते. तिच्यामुळे गालाच्या आतला थर ताठर होतो, तोंड उघडेनासे होते. पुढे ते कर्करोगातही बदलू शकते. दोन बोटेही तोंडात नीट जात नसतील, तर मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणार कसे? तेथे खर्रा सोडणे व तोंडाची तपासणी आधी. दाढेचे नंतर बघता येईल.

क्रिकेटचा चेंडू लागून पुढचा दात गमावलेल्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. जबडा वाढत असताना शेजारचे दात हाडासह सरकत राहतात, स्क्रू मात्र जागेवरच राहतो आणि काही वर्षांनी त्यावरचा दात आखूड दिसू लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत काढता-घालता येणारा दात वापरावा लागतो.